वाड्यांचा लाकडी सांगाडा : रचना, सामर्थ्य आणि निगा

कोल्हापूर शहराच्या जुन्या पेठांमधून भर पावसाळ्यात हिंडताना एक दृश्य पुष्कळदा पाहावयास मिळते. एखाद्या वाड्याची रस्त्याकडील मातीची भिंत ढासळून पडलेली असते. परंतु तिच्यामागील खांब, तुळया आणि माडी जागच्या जागी उभी असतात. येणारे-जाणारे ‘वाडा पडला’ असे म्हणतात. वस्तुतः वाडा पडलेला नसतो, त्याची भिंत पडलेली असते. याउलट, बाहेरून सिमेंटचा गिलावा व रंग दिलेला, तळमजल्यावर प्रशस्त दुकान थाटलेला एखादा वाडा फारशी पूर्वसूचना न देता खचतो. त्याची दर्शनी भिंत शाबूत असते. पण आतील खांबाचा बुंधा कुजलेला असतो, किंवा जागा मोकळी व्हावी म्हणून कोणी तरी खांबच काढून टाकलेला असतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये पडण्याच्या बेतात असलेल्या इमारतींना नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेस आहे. अशी नोटीस हाती पडली की वाडा पाडावा की दुरुस्त करावा, हा प्रश्न घरमालक, भाडेकरू आणि अभियंता या तिघांपुढेही उभा राहतो. एका बाजूस माणसांचे जीव आणि दुसऱ्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्यांचा निवारा, असा हा पेच असतो. त्याचे उत्तर भिंतीकडे पाहून मिळत नाही. वाड्याचा भार कोणता घटक वाहतो आणि तो कोणत्या मार्गाने जमिनीत उतरतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणताही निर्णय योग्य ठरणार नाही.

खण : वाड्याचे माप

महाराष्ट्रातील जुन्या घराचा आकार खणांत सांगण्याची रीत आहे. पाच खणांचा सोपा, सात खणांचे माजघर असे म्हटले की ऐकणाऱ्याला जागेचा अंदाज येतो. खण म्हणजे लागोपाठच्या दोन तुळयांमधील अंतर. हे माप मनाला येईल तसे ठरलेले नाही. जवळपासच्या रानात मिळणारे लाकूड, ते वाहून आणण्याची सोय आणि भाराखाली ते किती वाकेल याचा सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या आलेला अनुभव, यांतून ते पक्के झाले. म्हणजे खण हे जसे जागेचे माप आहे, तसेच ते लाकडाच्या ताकदीचेही माप आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला सह्याद्रीच्या रानांचे सान्निध्य लाभले आहे. सागवान हे सर्वांत मानाचे लाकूड. परंतु ऐपतीप्रमाणे आणि उपलब्धतेप्रमाणे ऐन, किंजळ, जांभूळ अशा लाकडांचाही वापर होत असे. पावसाच्या मानानेही घरांची घडण बदलत गेली. पश्चिमेस गगनबावड्याकडे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तर पूर्वेस शिरोळकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. त्यामुळे पश्चिमेकडे उतरती कौलारू छपरे, तर पूर्वेकडील कमी पावसाच्या मुलखात मातीचे सपाट माळवद अधिक आढळते. शहर या दोहोंच्या मध्ये वसले आहे.

भाराचा प्रवास

वाड्याच्या माडीवर एखादी जड पेटी ठेवली, तर तिचा भार कोणकोणत्या वाटेने जमिनीपर्यंत जातो, ते पाहणे उद्‌बोधक ठरेल. पेटी फळ्यांवर किंवा त्यांवरील मातीच्या थरावर असते. फळ्या कड्यांवर टेकलेल्या असतात. कड्या आणि फळ्या मिळून कडीपाट होतो. कड्यांचा भार तुळईवर येतो. तुळई खांबाच्या माथ्यावर बसविलेल्या हस्तावर विसावते. हस्ताकडून भार खांबात, खांबाकडून दगडी तळखड्यात, तळखड्याकडून जोत्यात आणि जोत्याकडून जमिनीत उतरतो. या साखळीतील प्रत्येक घटकाचे काम निश्चित आहे. त्यांतील एक जरी निकामी झाला, तरी भाराला दुसरी वाट शोधावी लागते. ती न सापडल्यास इमारत खचते.

हस्त हा नक्षीदार असल्यामुळे त्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. तथापि त्याचे काम मोठे आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने दाब उत्तम सोसते. आडव्या दिशेने मात्र त्याची ताकद बरीच कमी असते. अरुंद खांबाचा माथा तुळईत रुतू नये म्हणून हस्त भार पसरवितो. शिवाय तो दोन्ही बाजूंना पुढे आलेला असल्याने तुळईची मोकळी लांबी कमी होते. खांबांमधील अंतर २.४ मीटर असेल आणि दोन्हीकडून हस्त ३० सेंटिमीटर पुढे आलेले असतील, तर मोकळी लांबी १.८ मीटर राहते. हस्त घट्ट बसलेला असल्यास तुळईला वाकविणारा जोर मूळच्या सुमारे ५६ टक्क्यांवर येतो.

तळखड्याचेही तसेच आहे. लाकडाचा खरा शत्रू म्हणजे जमिनीतून चढणारी ओल. खांब मातीत पुरण्याऐवजी घडीव दगडावर उभा करण्यात ही ओल तोडण्याचा हेतू असतो. मागाहून फरशी घालताना किंवा रस्ता उंच झाल्यामुळे भर टाकताना तळखडे बुजविले जातात आणि खांबाचा बुंधा सिमेंटमध्ये गाडला जातो, तेव्हा हा साधा पण मोलाचा उपाय निष्फळ ठरतो.

एका तुळईचे गणित

हा विषय आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. समजा, दोन खांबांमधील अंतर २.४ मीटर आहे आणि तुळया एकमेकींपासून १.५ मीटरवर आहेत. फळ्या, कड्या आणि दहा सेंटिमीटर मातीचा थर मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम वजन होते. माणसे व सामान यांसाठी आणखी २०० किलोग्रॅम धरले, तर एकूण ४०० किलोग्रॅम होतात. एका तुळईवर १.५ गुणिले २.४, म्हणजे ३.६ चौरस मीटर क्षेत्राचा, अर्थात १,४४० किलोग्रॅम भार येतो. तुळई १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच असेल, तर तिच्या मध्यभागी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ किलोग्रॅम ताण निर्माण होतो. निर्दोष सागवान दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमहून अधिक ताण सुरक्षितपणे सोसू शकते. जुन्या सुतारांनी दुपटीहून अधिक ताकद हाती राखली होती, असा याचा अर्थ. हस्ताचा लाभ यात धरलेलाच नाही.

तीच तुळई आडवी, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच बसविली, तर लाकूड तेवढेच लागूनही ताण ५८ किलोग्रॅमच्या घरात जातो आणि वाक पावणेदोन पटींहून अधिक होतो. तुळईच्या बळात रुंदीपेक्षा उंचीला अधिक महत्त्व असते, ते यामुळे.

आता मधला खांब काढला, असे समजू. पेठेतील तळमजल्याचे दुकान करताना हे वारंवार घडते. खांबाऐवजी तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट लांबीची तुळई घातली जाते. लांबी दुप्पट झाली की त्या तुळईवरील एकूण भार दुप्पट होतो आणि वाकविणारा जोर चौपट होतो. ४३ किलोग्रॅमचा ताण १७३ किलोग्रॅमवर जातो, आणि तुळई मध्यभागी पूर्वीच्या सोळा पट झुकते. शेजारच्या खांबांवरील भारही त्या मजल्यापुरता दीडपट होतो. एवढे होऊनही तुळई लगेच मोडतेच असे नाही, कारण सुरक्षित मर्यादा आणि मोडण्याची मर्यादा यांत अंतर असते. परंतु लाकूड सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकत राहते. पुढे एखाद्या पावसाळ्यात माडीवरील माती भिजून जड झाली की शेवटची मर्यादा ओलांडली जाते. खांब कोणी काढला याचे तोवर विस्मरण झालेले असते आणि दोष वाड्याच्या वयाला दिला जातो.

माडीवर मातीऐवजी, किंवा मातीवरच, काँक्रीटचा थर ओतण्याचा प्रकारही असाच घातक होय. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला २५० किलोग्रॅम भरते. सांगाड्याने राखून ठेवलेल्या ताकदीचा बराच भाग या एकाच दुरुस्तीत खर्ची पडतो.

खांबांची गोष्ट वेगळी आहे. १५ सेंटिमीटर चौरस खांबावर दोन मजले आणि कौलारू छप्पर मिळून सुमारे साडेतीन टन भार आला, तरी दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १६ किलोग्रॅम दाब पडतो. लाकडाच्या मानाने हा दाब किरकोळ आहे. पण बुंधा कुजून त्याचा चौथा हिस्साच शाबूत राहिला, तर दाब चौपट होतो आणि तोही एका बाजूस पडून खांब कलू लागतो. भारामुळे खचलेला खांब विरळा. बुंधा कुजल्यामुळे खचलेले खांब मात्र पुष्कळ.

सांधे आणि भूकंपाची परीक्षा

लाकडी सांगाड्याचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या सांध्यांत आहे. एका लाकडाला कुसू आणि दुसऱ्याला त्या मापाची खाच करून, लाकडी खुंटी किंवा पाचर मारून ते एकत्र बांधले जात. असा सांधा थोडा हलतो, करकरतो, पण सहसा एकदम तुटत नाही. हालचालीत होणाऱ्या घर्षणामुळे हादऱ्याची काही शक्ती जिरते.

महाराष्ट्रात या रचनेची परीक्षा दोनदा झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाचे हादरे कोल्हापुरासही जाणवले. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली. किल्लारी परिसरातील घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण होते. त्यांभोवती चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जाड माळवद होते. अनेक ठिकाणी दगडी भिंती कोसळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिलेला आढळला. म्हणजे लाकूड टिकले, तर एकसंध न बांधलेल्या भिंतींनी माणसे मारली.

तथापि यावरून लाकडी सांगाडा असलेले प्रत्येक घर सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या माळवदाचे वजन दर चौरस मीटरला सातशे किलोग्रॅमच्या वर जाते. मंगलोरी कौलांचे वजन त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. शिवाय आपल्याकडील वाड्यांत उभे खांब व आडव्या तुळया असतात. तिरप्या लाकडांचे आधार बहुधा नसतात. चौकटीत तिरपे लाकूड घातले की तिचे त्रिकोण बनतात आणि त्रिकोणाचा आकार सहजी बिघडत नाही. काश्मीरमधील ‘धज्जी’ पद्धतीच्या भिंतींत असे तिरपे तुकडे घालून मधल्या जागा भरतात. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे १७५५ च्या भूकंपानंतर जी नवी घरे बांधण्यात आली, त्यांच्या भिंतींतही तिरप्या लाकडांचा पिंजरा घालण्यात आला. आपल्या वाड्यांत हे काम काही अंशी हस्त आणि काही अंशी भिंती करतात. म्हणून ढासळलेली भिंत भार वाहत नसली, तरी ती तशीच सोडून देणेही योग्य नाही. ती गेल्यावर सांगाड्याचा बाजूचा आधार कमी होतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. काही वाड्यांत भिंतीच्या आतही खांब बसविलेले असतात. तेथे भिंत केवळ आडोसा असते. अन्य वाड्यांत आतील बाजूस खांब आणि बाहेरील बाजूस कड्यांची किंवा तुळयांची टोके थेट भिंतीवर, अशी मिश्र रचना असते. अशा ठिकाणी भिंत पडणे म्हणजे आधार जाणे होय. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आपला वाडा या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

पाणी, वाळवी आणि आग

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुराचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांत मातीच्या घरांची मोठी पडझड झाली. मातीच्या कच्च्या विटा पाण्यात राहिल्या की त्यांचा चिखल होतो. लाकडाचे तसे होत नाही. काही दिवस भिजलेले लाकूड पुन्हा वाळले, तर त्याची ताकद बहुतांशी परत येते. मात्र ते वाळले नाही, तर बुरशी धरते. लाकडातील ओलावा दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या वर राहिला की कुजण्यास सुरुवात होते; वाळवीही अशा ओलसर जागाच धुंडाळते. म्हणून पुरानंतर खांबांभोवतीचा गाळ काढणे, गिलावा काढून बुंधे मोकळे करणे आणि वारा खेळता ठेवणे ही कामे रंगकामाच्या आधी व्हावयास हवीत. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीत रुतलेल्या लाकडाकडे वळते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो.

आगीचा धोकाही नजरेआड करून चालणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि सारे कोल्हापूर हळहळले. जाड तुळई आगीत बाहेरून कोळसा होत जाते. हा कोळशाचा थर आतील लाकडाचे काही काळ रक्षण करतो. सर्वसाधारणपणे जळण्याची ही गती मिनिटाला एक मिलिमीटरहून कमी असते. पातळ फळ्या, पडदे, छतावरील पोटमाळे आणि जुनाट वीजतारा यांना असे संरक्षण नसते. त्यामुळे वाड्यातील वीजजोडणीची तपासणी हा सांगाड्याच्या निगेचाच भाग समजला पाहिजे.

तपासणी कशी करावी?

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक केले आहे. परंतु काँक्रीटच्या इमारतीसाठी तयार केलेली तपासणीची पद्धत लाकडी वाड्यास जशीच्या तशी लावता येत नाही. लाकडी सांगाड्याची पाहणी पुढील क्रमाने केल्यास उपयुक्त ठरते.

प्रथम वाड्याचा खणवार नकाशा काढावा आणि मूळ खांबांपैकी कोणते काढले गेले आहेत, ते त्यावर नोंदवावे. वरच्या मजल्यावर खांब आहे आणि त्याच्या खाली खांब नाही, असे आढळल्यास ती धोक्याची खूण समजावी. त्यानंतर प्रत्येक खांबाला ओळंबा लावून तो किती कलला आहे ते मोजावे. खांबाचा बुंधा आणि तुळयांची भिंतीतील टोके पटाशीने टोचून पाहावीत. पटाशी सहज आत शिरली तर लाकूड कुजले आहे. हातोडीने हलके ठोकल्यावर निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेल्याचा आवाज बद्द येतो. तुळयांच्या मध्यभागी दोरी ताणून वाक मोजावा. दर सहा महिन्यांनी तेच माप घेतल्यास वाक स्थिर आहे की वाढतो आहे, ते कळते. स्थिर वाकापेक्षा वाढता वाक अधिक चिंताजनक होय. अखेरीस कुसू खाचेतून सरकला आहे काय आणि छपरातून पाणी कोठे झिरपते, हे पाहावे.

भिंतीला पोट सुटणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, माती सतत झडणे किंवा लाकूड कडकडणे अशी लक्षणे एकत्र दिसू लागल्यास मात्र तपासणीची वाट न पाहता रहिवाशांनी जागा मोकळी करावी. वाडा पुन्हा उभारता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.

दुरुस्तीची दिशा

लाकडी सांगाड्याचा मोठा गुण असा की, तो सुट्या भागांचा असल्याने त्याची दुरुस्तीही भागाभागाने करता येते. खांबाचा बुंधा कुजला असेल, तर तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापावा आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरकस काप घेऊन, बोल्ट मारून जोडावा; तळखडा थोडा उंच करावा. तुळईचे टोक कुजले असल्यास दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून ते सांधता येते. खांब काढलेला असल्यास शक्यतो त्याच जागी पुन्हा बसवावा. ते शक्य नसल्यास अभियंत्याकडून हिशेब करवून पोलादी तुळई घालावी. माडीवरील आणि माळवदावरील अनावश्यक माती उतरवावी. खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार द्यावेत आणि भिंती सांगाड्याला पट्ट्यांनी बांधाव्यात. लाकडी बांधकामाच्या हिशेबासाठी भारतीय मानक ८८३, तर भूकंपरोधक तरतुदींसाठी भारतीय मानक ४३२६ आणि मातीच्या इमारतींसाठी भारतीय मानक १३८२७ मार्गदर्शक आहे.

खर्चाचा आणि जबाबदारीचा प्रश्न यात आहेच. भाड्याची जागा दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घरमालकाचे आहे. परंतु जुन्या वाड्यांचे भाडे इतके अल्प असते की त्यातून छपराची कौलेही बदलता येत नाहीत. आणि वाडा पडला तर भाडेकरूचा निवाराही जातो. अशा वेळी मालक व भाडेकरू यांनी एकमेकांकडे बोट दाखविण्यापेक्षा एकत्र येऊन निदान छपराची गळती आणि खांबांचे बुंधे यांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी केली, तरी पुढील मोठा खर्च टळतो.

प्रत्येक वाडा वाचविता येईल, असे नाही. ज्याचे बहुतेक बुंधे कुजले आहेत आणि सांधे सुटले आहेत, तो उतरविणेच शहाणपणाचे. परंतु तो निर्णय ओळंबा, पटाशी आणि हिशेब यांच्या आधारे व्हावा. केवळ एक भिंत पडली म्हणून होऊ नये. तसेच केवळ भिंत उभी आहे म्हणून आत निर्धास्तपणे राहण्याची चूकही होऊ नये. कोल्हापुरातील स्थापत्य आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, जुने सुतार आणि महापालिकेचे अभियंते यांनी मिळून एकेका पेठेतील वाड्यांचे खणवार नकाशे तयार केले, तर नोटीस काढणाऱ्यालाही आणि ती घेणाऱ्यालाही निश्चित आधार मिळेल. वाड्याचा भार कोण वाहतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्याची निगा योग्य रीतीने राखू शकतो.